यू-१८०: नेताजींना घेऊन गेलेल्या पाणबुडीचं पुढे काय झालं?

सुवर्णदुर्ग

नेताजी जर्मनीहून पाणबुडीतून पूर्वेकडे गेले, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. ती पाणबुडी कोणती, तिच्यावर कोण होतं आणि नेताजी उतरल्यावर ती कुठे गेली, असं विचारलं की मात्र गाडी अडते. मराठीत यावर सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. नेताजींवर लिहिणारे जाणकार इथे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते बोटीबद्दल.

यू-१८० ब्रेमेनच्या 'एजी वेझर' गोदीत बांधली गेली. १० डिसेंबर १९४१ ला पाण्यात उतरली आणि १६ मे १९४२ ला जर्मन नौदलात दाखल झाली. लांबी ८७ मीटरच्या वर, म्हणजे अटलांटिकमध्ये धुमाकूळ घालणाऱ्या नेहमीच्या 'सात-सी' बोटींपेक्षा वीसेक मीटर जास्त. तिचा प्रकार 'नऊ-डी-एक'. या प्रकारच्या फक्त दोन बोटी झाल्या, यू-१८० आणि यू-१९५. दोनच का, याचं उत्तर तिच्या इंजिनांत आहे. लांब पल्ल्याची आणि पृष्ठभागावर वीस नॉटच्या वर पळणारी बोट हवी म्हणून जर्मनांनी तिच्यात मर्सिडीज-बेंझची सहा इंजिनं बसवली. ही इंजिनं मुळात किनाऱ्याजवळ धावणाऱ्या जलद टॉर्पेडो बोटींसाठी बनवलेली. रात्री निघायचं, हल्ला करायचा, सकाळी बंदरात परत, असं त्यांचं आयुष्य. त्यांना अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करायला लावला. ती धूर ओकायची, तापायची, तेल प्यायची. ज्या बोटीचा जीव लपून राहण्यावर अवलंबून, तिच्या मागे धुराचा पट्टा दिसावा, याहून वाईट काय?

कप्तान होता वेर्नर मुझेनबर्ग. त्या काळात पाणबुड्यांचे बहुतेक कप्तान पंचवीस-तीस वर्षांचे असत. हा चाळिशीला आलेला.

९ फेब्रुवारी १९४३ ला यू-१८० कीलहून निघाली. तिची ही पहिली युद्धमोहीम. सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन बोटीवर होते. हे नॉर्वेला निघालेले अभियंते आहेत, असं खलाशांना सांगितलं होतं. बर्लिनमध्ये सुभाषबाबूंची भाषणं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, म्हणजे ते निघून गेल्यावरही आझाद हिंद रेडिओवर त्यांचा आवाज ऐकू येत राहील. व्हिएन्नात अडीच महिन्यांची मुलगी मागे राहिली होती.

आबिद हसन यांनी नंतर या प्रवासाबद्दल जे सांगितलं, त्यातली एक गोष्ट मला फार भिडते. बोटीवर सगळ्याला डिझेलचा वास. पांघरूण नाकाशी आलं की डिझेल, पाव तोंडात घातला की डिझेल. चालायला जागा नाही. सुभाषबाबूंना अधिकाऱ्यांच्या भागात, येण्याजाण्याच्या वाटेलगत एक बर्थ मिळाला होता. जर्मन जेवण त्यांच्या पोटाला मानवेना. तेव्हा हसन यांनी कोठार धुंडाळलं आणि तांदूळ-डाळ शोधून काढली. मग दक्षिण अटलांटिकमध्ये, जर्मन पाणबुडीच्या टीचभर स्वयंपाकघरात डाळभात शिजू लागला. सुभाषबाबू तो जर्मन अधिकाऱ्यांनाही बोलावून वाढायचे आणि एवढासा साठा संपेल म्हणून हसन यांचा जीव टांगणीला! बाकी दिवसभर काम चाले. सुभाषबाबू आपल्या जुन्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती तोंडी सांगत आणि हसन टंकत.

१८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर यू-१८० ने 'कॉर्बिस' हा ८,१३२ टनी ब्रिटिश टँकर बुडवला. इंधन पेटलं, समुद्र जळत राहिला. टँकरवरची बहुतेक माणसं वाचली नाहीत.

२६ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला जपानी पाणबुडी आय-२९ भेटली. ती मलायातल्या पेनांगहून आली होती. समुद्र इतका खवळलेला की दोन्ही बोटी जवळ येईनात. दोघी बराच वेळ जोडीने पुढे सरकत राहिल्या. शेवटी २८ तारखेला सुभाषबाबू आणि हसन रबरी तराफ्यावर बसले, चिंब भिजले आणि आय-२९ वर चढले. तिकडून दोन जपानी नौदल अधिकारी आणि सुमारे ११ टन माल इकडे आला. त्यात टॉर्पेडो होते, आराखडे होते आणि बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी सुमारे २ टन सोनं होतं.

आपली गोष्ट इथे आय-२९ वर उडी मारते. सुमात्राजवळचं सबांग, टोकियो, सिंगापूर. यू-१८० मागे राहते ती राहतेच.

तिने परतीचा रस्ता धरला. ३ जूनला दक्षिण अटलांटिकमध्ये 'बोरिस' हे ५,१६६ टनी ग्रीक मालवाहू जहाज बुडवलं आणि जुलैच्या सुरुवातीला ती फ्रान्समधल्या बोर्डोला पोचली. जवळजवळ पाच महिने समुद्रावर. ती दक्षिणेला असताना तिकडे अटलांटिकमध्ये काय झालं होतं ते लक्षात घ्या. एकट्या मे १९४३ मध्ये जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या. बिस्केचा उपसागर तर ब्रिटिश विमानांची शिकारीची जागा झाला होता. धुराडी इंजिनं आणि दोन टन सोनं घेऊन ती त्यातून पार झाली, हे मुझेनबर्गचं आणि त्याच्या यंत्रतंत्रज्ञांचं कौतुकच म्हणावं लागेल.

त्यानंतर तिने कधी टॉर्पेडो सोडला नाही. ती सहा इंजिनं काढून टाकली, त्यांच्या जागी साधी दोन डिझेल बसवली. टॉर्पेडोच्या नळ्याही काढल्या आणि तिची मालवाहू बोट केली. पूर्वेकडे माल न्यायचा आणि रबर, कथील, क्विनाइन आणायचं, असा बेत. २० ऑगस्ट १९४४ ला नवा कप्तान रोल्फ रीझन तिला घेऊन बोर्डोहून निघाला. दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये उतरल्या होत्या, महिनाअखेर बोर्डोही जर्मनांच्या हातून जाणार होतं. २३ ऑगस्टपासून यू-१८० चा पत्ता नाही. ५६ माणसं होती. एकही परतला नाही.

दोन जहाजं, १३,२९८ टन. नौदलाच्या हिशेबात ही कामगिरी किरकोळ. पण हिंदुस्थानच्या इतिहासातला केवढा मोठा प्रसंग या नापास ठरलेल्या बोटीने पार पाडला!

---

मीराताई

सुंदर लिहिलंय. डाळभाताचा प्रसंग माहीत नव्हता. एक शंका: दोन टन सोनं म्हणजे केवढी रक्कम! ते बर्लिनला पोचलं का? आणि ते दोन जपानी अधिकारी कोण होते?

---

निवृत्त_चीफ

मी आयुष्यभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतो, म्हणून इंजिनांबद्दल थोडं लिहितो. सुवर्णदुर्ग यांनी जे दोन ओळींत सांगितलं, त्यामागे माणसांचे किती हाल होते ते कळायला हवं.

त्या मर्सिडीज इंजिनाला २० सिलिंडर, व्ही आकारात. अशी सहा म्हणजे १२० सिलिंडर. प्रत्येक शाफ्टला तीन-तीन इंजिनं. सगळी मिळून ९,००० अश्वशक्ती, कागदावर झकास. तिची भावंडं, म्हणजे 'नऊ-डी-दोन' बोटी, यांच्यात मुख्य इंजिनं दोनच, मान कंपनीची, नऊ-नऊ सिलिंडरची. १८ सिलिंडर सांभाळणं कुठे आणि १२० कुठे! १२० सिलिंडर म्हणजे तितके पिस्टन, तितके इंजेक्टर, तितक्याच ठिकाणी गळायची शक्यता. शिवाय मानचं इंजिन मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आत चालतं. हे मर्सिडीजचं दीड हजारांच्या आसपास. वेगवान इंजिनाचे पिस्टन रिंग आणि लायनर लवकर झिजतात, त्याला ठरावीक तासांनी ओव्हरहॉल लागतो. टॉर्पेडो बोट बंदरात आली की इंजिन उचलून कार्यशाळेत नेता येतं. पाणबुडीत ते नेणार कुठे? दोन इंजिनांच्या मधल्या बोळात आडवं पडून, हातभर अंतरावर दुसरं इंजिन धडधडत असताना हेड खोलायचं.

आणि उष्ण कटिबंध. इंजिन थंड करायला समुद्राचंच पाणी. बाल्टिकमध्ये चाचण्या घेताना ते पाणी बर्फासारखं असतं. विषुववृत्तावर तेच कोमट. बाल्टिकमध्ये जेमतेम चालणारं इंजिन तिथे तापणार नाही तर काय होणार? जळण नीट झालं नाही की काळा धूर. इंजिनरूममध्ये पारा किती चढला असेल, त्याची कल्पना मी करू शकतो. अडीच महिन्यांनंतरही ही इंजिनं चालू ठेवून ती बोट ठरल्या जागी ठरल्या वेळी पोचली. नेताजी पूर्वेला पोचले यात त्या अनाम यंत्रकामगारांचा वाटा आहे, असं मी मनापासून मानतो.

---

राजापूरकर

लेख आवडला. पण 'कॉर्बिस'वर एकच परिच्छेद का? मला तिथे थांबावंसं वाटतं.

आमच्याकडे राजापूर, रत्नागिरी, खेड, दापोली इथल्या घराघरांतून माणसं बोटीवर गेली. विशेषतः कोकणी मुसलमान. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर इंजिनरूम, भांडारी, डेक, सगळीकडे आपली माणसं. युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारोंनी हिंदी खलाशी होते आणि टॉर्पेडो लागला की सगळ्यात आधी जायचे ते खाली बॉयलरपाशी काम करणारे. ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-१६८ या जर्मन पाणबुडीने मुंबईच्या पश्चिमेला 'हायचिंग' हे जहाज बुडवलं, म्हणजे हे काही लांबचं युद्ध नव्हतं. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत गेलेल्या खलाशांची स्मारकं आहेत. रोज हजारो लोक शेजारून जातात.

आबिद हसन यांच्याच आठवणीत आहे की जळत्या 'कॉर्बिस'वर सावळ्या वर्णाची माणसं दिसत होती, हिंदी किंवा मलायी वाटावीत अशी. नेताजी ज्या बोटीत होते, तिनेच त्यांना मारलं. नेताजींबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी होत नाही. पण या बोटीची गोष्ट सांगताना ही माणसं एका ओळीत उरकता येणार नाहीत.

---

अभिजित_सांगली

राजापूरकर, तुमचा मुद्दा समजला, पण नेताजी त्या बोटीवर प्रवासी होते. टॉर्पेडो कधी आणि कुणावर सोडायचा हे मुझेनबर्गने ठरवायचं. देश स्वतंत्र करायला निघालेल्या माणसाला १९४३ साली दुसरा कुठला रस्ता होता? विमानाचा विचार झाला होता, तो सोडून द्यावा लागला. जमिनीवरून रशियामार्गे जाणं युद्धामुळे बंद. ब्रिटिश टँकर बुडणं म्हणजे ब्रिटिश युद्धयंत्रणेचं इंधन बुडणं. युद्ध असंच असतं.

---

राजापूरकर

अभिजित, मी दोष देत नाहीये. रस्ता दुसरा नव्हता हेही मान्य. माझं म्हणणं एवढंच की त्या टँकरवर पोटासाठी गेलेल्या माणसाला ब्रिटिश युद्धयंत्रणा म्हणून मोजू नका. त्याच्या घरी मनीऑर्डर यायची ती बंद झाली. यू-१८० वरच्या ५६ जणांबद्दल आपण इथे हळहळतो आहोत, ते बरोबरच आहे. मग या बाजूच्या माणसांबद्दलही तेवढीच हळहळ हवी.

---

सुवर्णदुर्ग

राजापूरकर, पूर्ण सहमत. हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. 'कॉर्बिस' डिझेल आणि विमानाचं इंधन घेऊन केपटाऊनकडे चालला होता. असा टँकर पेटल्यावर पाण्यात उडी मारून सुद्धा सुटका नसते, कारण पाणीच पेटलेलं असतं.

---

शेणोय_वास्को

गोव्याकडूनही एक दुवा जोडतो. यू-१८० अटलांटिकमधून दक्षिणेला उतरत होती त्याच सुमारास, ९ मार्च १९४३ च्या रात्री, आमच्या मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' पेटलं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध सुरू झाल्यावर 'एरेनफेल्स', 'ब्राउनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' ही जर्मन जहाजं आणि 'आनफोरा' हे इटालियन जहाज इथे आश्रयाला येऊन पडली होती. 'एरेनफेल्स'वरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना जहाजांच्या हालचाली कळवल्या जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. तटस्थ बंदरात नौदल पाठवता येईना, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाच्या उतारवयातल्या मंडळींना एका जुन्या बार्जवरून पाठवलं. जर्मनांनी जहाज हाती लागू देण्यापेक्षा स्वतःच बुडवलं. बाकीच्या तिघांनीही तेच केलं. ही गोष्ट ब्रिटिशांनी कितीतरी वर्षं उघड केली नव्हती.

म्हणजे बघा, १९४३ च्या त्या वसंतात हिंदी महासागराच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला दोन पाणबुड्यांची भेट.

---

मीराताई

शेणोय, छान भर. बर्लिनच्या बाजूला आपला मराठी माणूसही होता ना? सुभाषबाबूंच्या फ्री इंडिया सेंटरमध्ये गणपुले नावाचे गृहस्थ होते असं वाचल्याचं आठवतं.

---

सुवर्णदुर्ग

हो ताई, एन. जी. गणपुले. बर्लिनमध्येच राहत होते, सुभाषबाबूंच्या केंद्रातल्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी एक. सुभाषबाबू गेल्यावर केंद्राची सूत्रं ए. सी. एन. नंबियार यांच्याकडे गेली.

तुमच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. बोर्डोला बोट सुखरूप पोचली, म्हणजे सोनं जर्मनांच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर उतरलं. दोन जपानी अधिकारी म्हणजे तेत्सुशिरो एमी आणि हिदेओ तोमोनागा. तोमोनागा पाणबुड्यांचा अभियंता. पाण्याखाली बोटीची खोली आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा हे त्याचं मोठं काम. नेताजी ज्या तराफ्यावरून गेले, त्याच अदलाबदलीत हा इकडे आला. दोन वर्षं जर्मनीत राहिला. १९४५ च्या एप्रिलमध्ये यू-२३४ मधून मायदेशी निघाला. त्या बोटीवर ५६० किलो युरेनियम ऑक्साइड होतं. वाटेत जर्मनीने शरणागती पत्करली, कप्तानाने अमेरिकनांच्या स्वाधीन व्हायचं ठरवलं. तोमोनागा आणि दुसरे जपानी अधिकारी शोजी या दोघांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. खलाशांनी त्यांना समुद्रात मूठमाती दिली.

आय-२९ चंही तसंच. नेताजींना सबांगला उतरवल्यावर ती पुढे फ्रान्सपर्यंत जाऊन आली आणि जर्मन जेट विमानांचे आराखडे घेऊन परतताना २६ जुलै १९४४ ला फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकन पाणबुडी 'सॉफिश'ने तिला बुडवलं. त्या वेळी कप्तान वेगळा होता. नेताजींच्या प्रवासात जुइची इझू कप्तान होते आणि ताफ्याचे प्रमुख मासाओ तेराओका सोबत होते. हिंदी पाहुणे येणार म्हणून त्यांनी पेनांगला मसाले खरेदी केले होते. २९ एप्रिलला जपानी सम्राटाचा वाढदिवस, त्या दिवशी बोटीवर करी झाली. डिझेलच्या वासात अडीच महिने काढल्यावर हसन यांना इथे घरी आल्यासारखं वाटलं.

एका महिन्याच्या आत, म्हणजे जुलै-ऑगस्ट १९४४ मध्ये, दोन्ही पाणबुड्या संपल्या.

---

अभिजित_सांगली

आणि यू-१९५? जुळी बहीण?

---

सुवर्णदुर्ग

तीही मालवाहू झाली, तीही त्याच दिवसांत बोर्डोहून निघाली आणि डिसेंबर १९४४ च्या अखेरीस बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोचली. जर्मनी पडल्यावर जपान्यांनी तिला आय-५०६ नाव देऊन आपल्या ताफ्यात घेतलं. एकाच गोदीतून, एकाच बनावटीच्या, एकाच आठवड्यात निघालेल्या. एक पोचली, एक नाही.

---

निवृत्त_चीफ

यू-१८० कशाने गेली यावर. जुन्या नोंदींत सुरुंग म्हटलं जायचं, नंतरच्या अभ्यासकांनी 'बेपत्ता' असा शेरा दिला. श्नॉर्केलमध्ये बिघाड झाला असावा, असाही एक कयास आहे. श्नॉर्केल म्हणजे पाण्याखालूनच डिझेल चालवता यावं म्हणून वर काढलेली हवेची नळी. लाट आली की तिचं तोंड झडपेने बंद होतं आणि इंजिन बोटीतलीच हवा ओढू लागतं. कानांचे दडे बसतात, डोळे बाहेर येतील असं वाटतं. झडप अडकली किंवा धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास. वॉचवरची, म्हणजे पाळीवरची, माणसं जागच्या जागी झोपी जातात.

बिस्केमध्ये ब्रिटिशांनी सुरुंगही भरपूर पेरले होते, विशेषतः जिरोंद नदीच्या मुखाबाहेर, जिथून बोर्डोच्या प्रत्येक बोटीला जावंच लागे. बोट निघाल्यापासून तिसऱ्या दिवशीच गेली हे धरलं तर माझं मत सुरुंगाकडे झुकतं. नवीन बसवलेली इंजिनं, सामानाने भरलेली बोट, पूर्ण नीट चाचणी करायला वेळ नाही, अशा अवस्थेत श्नॉर्केलचा घोळही तितकाच शक्य आहे. अवशेष मिळेपर्यंत दोन्ही दारं उघडी.

---

राजापूरकर

चीफसाहेब, तुमच्या नोकरीतल्या इंजिनरूमवर एक वेगळा धागा काढा ना. आमच्या गावातले ऑइलर, फायरमन म्हणून गेलेले जुने लोक आता थोडे उरलेत. त्यांना काय काय विचारावं, हे तुम्ही सांगितलंत तर मी जाऊन लिहून आणतो.

---

निवृत्त_चीफ

नक्की. आधी एवढं विचारा: कुठल्या जहाजावर, कुठल्या साली, बॉयलर कोळशाचा की तेलाचा, आणि वॉच कुणाबरोबर असायचा. बाकीचं ते आपोआप बोलतील. त्यांची 'नळी' मिळाली तर बघा, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक. त्यात प्रत्येक जहाजाचा शिक्का असतो.